लाल केस खरंच केल्टांचे का? डब्लिनच्या ट्राममधून काही शंका

लिफीकाठची | रविवार, सकाळी १०:१५

डब्लिनला येऊन चार वर्षं झाली. पहिल्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती. शेजारच्या अंगणात सात-आठ वर्षांचा मुलगा बॉल खेळत होता. त्याच्याकडे बराच वेळ बघून आईने मला हळूच विचारलं, "एवढ्याशा पोराला मेंदी कशाला गं लावतात?" मी हसले, पण तिचं तरी काय चुकलं? त्या रंगाचं डोकं तिने जन्मात फक्त मेंदीचंच पाहिलं होतं.

तो मुलगा शेजारच्या आजींचा नातू. आजी स्वतः एकेकाळी लालबुंद केसांच्या. आता पिकून पांढरे न होता वाळूसारखे फिके झालेत. आजोबा काळ्याभोर केसांचे, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत अगदी शेजारी उभे आहेत म्हणून फरक नजरेत भरतो. मुलं चार. दोन लाल, एक काळा आणि धाकटा मजेशीर: डोक्यावर सरळ तपकिरी केस आणि दाढी तांबडी!

गेल्या आठवड्यात लुआसमध्ये (इथली ट्राम) फोनची बॅटरी संपली, म्हणून डोकी मोजत बसले. टोपीवाले, टकले आणि उघड उघड रंगवलेले वगळून एकेचाळीस भरली. पैकी नक्की लाल तीन. आणखी चार अशी, की खिडकीतून ऊन आलं की तांबूस आणि ढग आला की तपकिरी. त्यांना कुठे धरायचं तेच कळेना.

तर शंका अशा:
इथे खरोखर किती टक्के लोक लाल केसांचे असतात? कोणी दहा म्हणतं, स्कॉटलंडला तेरा म्हणतात, टुरिस्ट गाइड तर वाट्टेल ते सांगतो.
आजोबा काळे असताना दोन मुलं लाल कशी?
आणि हे "केल्ट रक्त" प्रकरण (म्हणे आयरिश-स्कॉटिश लोक प्राचीन केल्ट जमातीचे वंशज, म्हणून लाल) खरं आहे की दुकानातल्या मगवर छापण्यापुरतं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी चहा घेऊन बसलेय.

टोळभैरव | रविवार, सकाळी १०:३२

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

केल्ट म्हणजे लाल केस, यात शंका ती काय? आयरिश माणूस दाखवायचा तर नाटकवालेसुद्धा लाल टोप चढवतात. आणि ताई, मोजायचे ते लवकर मोजून घ्या. अप्रभावी जनुक असल्याने २०६० पर्यंत ही जमात संपणार आहे असं वाचलंय.

जनुकवाला | रविवार, दुपारी १:०५

काही वर्षं उंदरांच्या केसांच्या रंगावर काम केलंय, त्यामुळे हात शिवशिवतायत. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

टोळभैरवांचा २०६० आधी निकालात काढू. अप्रभावी म्हणजे दुबळं नव्हे. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. लालची एकच प्रत असेल तर ती दिसत नाही, इतकंच. आयर्लंडमध्ये दहातला एक जण लाल धरला तरी त्या जनुकाच्या प्रतींपैकी साधारण दोन तृतीयांश काळ्या आणि तपकिरी डोक्यांत आरामात बसलेल्या आहेत. सगळ्या लाल केसवाल्यांनी उद्या ब्रह्मचर्याची शपथ घेतली तरी पुढच्या पिढीत लाल पोरं जन्मतीलच. ही नामशेष होण्याची बातमी दर काही वर्षांनी नव्याने उगवते, नुसती तारीख बदलते.

आता मूळ यंत्रणा. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या दोन प्रकारचा रंग बनवू शकतात. एक काळा-तपकिरी, युमेलॅनिन. दुसरा पिवळसर-तांबडा, फिओमेलॅनिन. कोणता बनवायचा हे ठरतं पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर बसलेल्या एका ग्राहीवर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर. त्याचं नाव एमसी१आर, आणि तो बनवणारं जनुक आपल्या सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. अल्फा-एमएसएच नावाचं संप्रेरक या ग्राहीला येऊन भिडलं की आत निरोप जातो आणि पेशी काळा रंग करायला घेते. निरोप पोचलाच नाही तर ती तांबड्यावरच थांबते.

माझ्या मते सगळ्या विषयातली मजा इथेच आहे. लाल रंग वरून चढवलेला नसतो. काळा चढायचा राहून गेलेला असतो.

हा ग्राही ३१७ अमिनो आम्लांची माळ आहे. या माळेत बिघाड अनेक ठिकाणी होऊ शकतो. लाल केसांशी सगळ्यांत घट्ट जोडलेल्या जागा तीन: १५१वी, १६०वी आणि २९४वी. म्हणजे दोन लाल केसवाले शेजारी बसले तरी त्यांचे बिघाड एकच असतील असं नाही. एकाच माणसाला आईकडून १५१चा आणि वडिलांकडून २९४चा मिळालेला असू शकतो, आणि परिणाम तोच. माणसाच्या लाल केसांचा या जनुकाशी असलेला संबंध १९९५ साली पहिल्यांदा छापून आला, ब्रिटनमधल्याच शास्त्रज्ञांचा शोध.

आजी-आजोबांचं कोष्टक: आजींकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या. आजोबांकडे एक बिघडलेली, एक धड, म्हणून ते काळे. प्रत्येक मुलाला आजींकडून बिघडलेली प्रत मिळणारच, आजोबांकडून मिळायची शक्यता निम्मी. चारात दोन लाल, अगदी पुस्तकी. आणि धाकट्याची दाढी? एकच बिघडलेली प्रत असलेल्या पुष्कळ पुरुषांचं डोकं तपकिरी आणि दाढी तांबडी निघते. म्हणजे "अप्रभावी" हा शब्दसुद्धा इथे पूर्ण बसत नाही.

टक्क्यांचं गणितही करून टाकतो. लोकसंख्येत १० टक्के लाल, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता ०.१. तिचं वर्गमूळ साधारण ०.३२. मग एकच प्रत घेऊन फिरणारे किती? २ × ०.३२ × ०.६८, म्हणजे ४३ टक्के. ताई, तुमच्या ट्राममधली निम्मी डोकी संशयित आहेत.

अवांतर: हाच ग्राही जनावरांतही आहे. स्कॉटलंडच्या काळ्याभोर अँगस गुरांत अधूनमधून तांबडं वासरू जन्मतं, ते याच जनुकाच्या बिघाडामुळे. पुढे तशी गुरं निवडून तांबड्या अँगसची वेगळी जातच केली गेली. तांबूस घोडा आणि आयरिश सेटर कुत्रा यांचीही कथा तीच.

लिफीकाठची | रविवार, दुपारी १:४०

दंडवत! "काळा चढायचा राहून गेलेला" हे वाक्य आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मेंदी नाही ना, मग झालं.

गणितमास्तर | रविवार, संध्याकाळी ६:२०

जनुकवाला, ते कोष्टक आम्ही वाटाण्यावर शिकवतो आणि मुलं पाठ करून मार्क मिळवतात. पण तुम्हीच म्हणता दाढीत गडबड आहे. मग ज्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, तो नक्की लाल होतोच हे कशावरून? ते गृहीत धरलं नाही तर तुमचं वर्गमूळ कोसळतं.

जनुकवाला | रविवार, रात्री ९:१२

मास्तर, पकडलंत.

२०१८ साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचे जनुकीय तपशील आणि त्यांनी स्वतः सांगितलेला केसांचा रंग ताडून पाहिला. लाल केसांच्या जवळजवळ सगळ्यांकडे दोन बिघडलेल्या प्रती होत्या. उलट मात्र खरं निघालं नाही. दोन बिघडलेल्या प्रती असूनही केस सोनेरी किंवा तपकिरी असलेले लोक भरपूर होते. लाल केसांत हात असलेली आणखी आठ जनुकं त्या अभ्यासात सापडली.

तेव्हा माझं ४३ टक्के हे कच्चं गणित. दोन प्रतींचे सगळेच लाल होत नसतील तर ०.३२ हा आकडा कमी पडतो, आणि गुपचूप प्रती बाळगणारे माझ्या अंदाजापेक्षा जास्तच भरतील. दुरुस्ती आभारासहित मान्य.

घारेअण्णा | रविवार, रात्री १०:०५

आम्ही चिपळूणचे. घरात सहा जणांचे डोळे घारे, आजीचे केस पिंगट होते. समुद्रातून वाहत आलेल्यांची कथा लहानपणापासून ऐकतोय. जनुकवाला, एखादा आयरिश खलाशी आमच्यात मिसळला असेल काय?

जनुकवाला | रविवार, रात्री १०:३०

अण्णा, घाऱ्या डोळ्यांचा कारभार मुख्यतः पंधराव्या गुणसूत्रावर चालतो. सोळाव्याशी त्याचं देणंघेणं नाही. घारे डोळे आणि लाल केस या वेगवेगळ्या भानगडी आहेत, आणि वर सांगितलेले तीन मोठे बिघाड आपल्याकडे विरळाच. पिंगट केसांना आयरिश खलाशी लागत नाही.

रंग फिका व्हायला एकच वाट असते असंही नाही. सॉलोमन बेटांवर अगदी काळ्या वर्णाच्या मुलांचे केस सोनेरी असतात. २०१२ मध्ये त्याचं कारण सापडलं: टीवायआरपी१ नावाच्या भलत्याच जनुकातला बदल, युरोपच्या सोनेरी केसांशी काडीचा संबंध नसलेला.

घारेअण्णा | रविवार, रात्री १०:३४

बरं. दर्यावर्दी पूर्वजांचा विषय तूर्त बंद.

भूलथाप | सोमवार, सकाळी ७:५०

(आयडी बघून घाबरू नका, भूल देणं हा माझा धंदा आहे.)

घाऱ्या आजींवरून आठवलं. महाराष्ट्रात खरंच लालसर केस बघायचे तर मी ते मेळघाटात पाहिलेत. नोकरीच्या सुरुवातीला धारणीला होतो. ओपीडीत आईच्या कडेवर दोन-अडीच वर्षांचं मूल, पायाला सूज, पोट पुढे, चेहरा गोल म्हणून आईला वाटतं बाळ गुटगुटीत आहे. आणि केस विरळ, भुरे, तांब्याच्या तारेसारखे, चिमटीत धरले की सहज हातात येणारे. प्रथिनांच्या कमतरतेचा क्वाशिओरकॉर. मध्ये थोडे दिवस खाणं सुधारलं असेल तर एकाच केसात काळा पट्टा, भुरा पट्टा, पुन्हा काळा. तो केस हातात धरला की पोराचे गेले काही महिने कसे गेले ते वाचता यायचं. तिथे लाल केस दिसले की आम्ही आधी दंडाचा घेर मोजायची पट्टी काढायचो.

हा शब्दही घानातल्या गा भाषेतला. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३५ साली तो वैद्यकात आणला. पाठचं भावंड आल्यावर अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा काहीसा त्याचा अर्थ. त्यामुळे "लाल केस किती गोड" असं वाचलं की माझं मन आधी तिकडे जातं. ताईंना उद्देशून नाही हं.

आता धंद्याचं. शिकत असताना सीनियरने ठासून सांगितलं होतं, लाल केसांच्या पेशंटला भूल जास्त लागते. अमरावती जिल्ह्यात हे ज्ञान कुठे वापरणार! पण त्यामागे अभ्यास आहे. २००४ साली अमेरिकेत दहा लाल केसांच्या आणि दहा काळसर केसांच्या बायकांवर प्रयोग झाला. लाल केसवालींना डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू १९ टक्के जास्त लागला. वीसच जणी असल्या तरी आकडा जगभर पसरला. पुढे प्रत्यक्ष ऑपरेशनच्या पेशंटांवर मोठे अभ्यास झाले, त्यांत असा फरक दिसला नाही. मी स्वतः मॉनिटर बघून भूल देतो, डोक्याचा रंग बघून नाही.

लिफीकाठची | सोमवार, सकाळी ९:२०

डॉक्टर, पट्ट्यापट्ट्यांचा केस वाचून चहा तसाच राहिला.

भाषाभोचक | सोमवार, रात्री ११:४०

दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. तिसऱ्या शंकेला कोणी हातच लावला नाही. "केल्ट" म्हणजे नक्की कोण?

आज आपण ज्या अर्थाने आयरिश, स्कॉटिश, वेल्श या सगळ्यांना केल्ट म्हणतो तो अर्थ तीनशे वर्षांच्या आसपासचा. एडवर्ड ल्हुइड नावाच्या वेल्श विद्वानाने १७०७ साली आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन वगैरे भाषांचं नातं मांडलं, तिथून हे नाव या मंडळींना चिकटलं. केल्टिक हे भाषाकुल आहे. "केल्टांचे केस" म्हणणं हे "द्रविड भाषिकांची उंची" म्हणण्यासारखं.

आता रोमन लेखकांकडे वळू, कारण टोळभैरव त्यांचे दाखले काढणार हे मला दिसतंय. टॅसिटसने इसवी सन ९८च्या सुमारास ब्रिटनमधल्या लोकांचं वर्णन केलंय. आजच्या स्कॉटलंडमधल्या कॅलिडोनियनांचे केस लाल आणि हातपाय दणकट, असं तो लिहितो. आणि त्यावरून निष्कर्ष काय काढतो? की हे लोक मूळचे जर्मन! आजच्या दक्षिण वेल्समधले सिल्युरीज सावळे आणि कुरळ्या केसांचे, म्हणून ते स्पेनकडून आले असावेत. गॉल लोकांसारखे (गॉल म्हणजे आजचा फ्रान्स) दिसतात ते त्याच्या मते वेगळेच, गॉलच्या जवळ राहणारे. म्हणजे लाल केसांचा सगळ्यांत जुना साक्षीदार म्हणून ज्याला उभं करतात, त्याच्या लेखी लाल केस ही परक्याची खूण होती.

डायोडोरस या ग्रीक लेखकाने गॉल लोकांच्या केसांचं वर्णन केलंय तेही जपून वाचा. ते केस चुन्याच्या पाण्याने धुऊन आणखी उजळ करत, असं तो सांगतो. म्हणजे टोळभैरव, तुमचा लाल टोप दोन हजार वर्षांपूर्वीही होताच.

टोळभैरव | सोमवार, रात्री ११:५८

आलो होतो दाखले घेऊन, परत चाललो.

जाताजाता एक काडी: निअँडरथल (ते नामशेष झालेले आपले चुलत-मानव) लाल केसांचे होते आणि त्यांच्याकडूनच हे आयरिशांकडे आलं, हे तरी खरं ना?

जनुकवाला | मंगळवार, सकाळी ८:१५

अर्धं. २००७ मध्ये इटली आणि स्पेनमधल्या दोन निअँडरथल हाडांतून एमसी१आर वाचलं गेलं. त्यात एक बिघाड होता, माळेच्या ३०७व्या जागी, आणि प्रयोगशाळेत तो ग्राही मंद चालताना दिसला. म्हणजे काही निअँडरथल लाल केसांचे असू शकतील. पण आजच्या माणसांच्या लाल केसांत तो बिघाड सापडत नाही. त्यांचा बिघाड त्यांच्यापाशी, आपले आपल्यापाशी.

इझेव्हस्क रिटर्न | मंगळवार, दुपारी ३:३०

वाचनमात्र होतो, पण आता लिहितोच. मी एमबीबीएससाठी रशियात इझेव्हस्कला होतो. तिथे आमच्यासारखी महाराष्ट्रातली पोरं पुष्कळ. तो उदमुर्त लोकांचा प्रदेश, व्होल्गाच्या पूर्वेला, कामा आणि व्यात्का नद्यांच्या मध्ये. त्यांची भाषा फिनिश-हंगेरियनच्या गोतातली, केल्टिकशी दूरान्वयानेही संबंध नाही. आणि लाल केस? मेसच्या मावशी लाल, बसची कंडक्टर लाल, आमच्या हॉस्टेलच्या दारावर बसणारी आजी लाल. उणे पंचवीसमध्ये लोकरीच्या टोपीखालून बाहेर आलेली ती बट अजून डोळ्यांसमोर आहे. शहरात लाल केसवाल्यांचा उत्सवसुद्धा भरतो. आयर्लंडचं नाव न काढता.

भाषाभोचक | मंगळवार, दुपारी ४:१०

वा! हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या बुदिनी नावाच्या लाल केसांच्या लोकांचा उल्लेख केलाय. उदमुर्तांशी त्यांचं नातं लोक हौसेने जोडतात. ते सोडा, पण तुमच्या कंडक्टरबाईंनी माझं काम केलं.

लिफीकाठची | मंगळवार, रात्री ९:०५

आता मी थोडं वाचून आलेय, टक्क्यांबद्दल.

स्कॉटलंडचा तेरा टक्के हा आकडा सगळीकडे छापतात. पण १९०७ साली तिथे पाच लाखांहून जास्त लोकांच्या केसांची पाहणी झाली होती, तिच्यात लाल केस निघाले ५.३ टक्के! अलीकडच्या जनुकीय चाचण्यांच्या अंदाजात स्कॉटलंडला साधारण ६ आणि आयर्लंडला १० टक्के येतात. जगभरात म्हणाल तर एक-दोन टक्के. म्हणजे इथे जास्त आहेत हे खरंच, पण इथेही दहातले नऊ जण लाल नाहीत. मगवर छापलेला आयरिश माणूस आयर्लंडमध्येच अल्पसंख्य.

आणि भाषाभोचकांसाठी खास खाऊ. जॉन बेडो नावाचे एक डॉक्टर व्हिक्टोरियन काळात गावोगाव फिरून लोकांचे केस-डोळे टिपून ठेवत. (माझे ट्राममधले पूर्वज!) १८८५ सालच्या त्यांच्या पुस्तकात "काळेपणाचा निर्देशांक" आहे. काळे केस दुप्पट धरायचे, गडद तपकिरी एकदा, आणि त्यातून सोनेरी व लाल वजा करायचे. या हिशेबात आयर्लंडचा पश्चिम भाग बराच काळा ठरतो. म्हणजे त्या काळी केल्ट सिद्ध करायला काळे केस मोजत होते आणि आज लाल मोजतात!

भाषाभोचक | मंगळवार, रात्री ९:४८

ताई, जिंकलात. बेडोंच्या त्या निर्देशांकामागे आयरिशांना खालचं ठरवण्याची खाज होती हेही नोंदवून ठेवा. डोकी मोजणारा काय सिद्ध करायला निघालाय ते आधी विचारावं.

त्याला आधुनिक जोड: २०१५ साली ब्रिटनच्या गावागावांतल्या लोकांचे जनुकीय नमुने तपासून नकाशा प्रसिद्ध झाला. तिथे कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड यांचा मिळून एकच "केल्टिक" गट दिसलाच नाही. उलट त्यांचे आपसातले फरकच मोठे निघाले.

आता माझ्या आवडीचं. आयरिशमध्ये लाल केसांना "रुआ" म्हणतात. लाल दिव्याला, लाल रंगाला म्हणतात "जॅरग". कोल्ह्याला म्हणतात मदरा रुआ, तांबडा कुत्रा. तांबडी खार असेल तर इओरा रुआ. आपण नाही का, तांबडी गाय, तांबडी माती, तांबडं फुटलं म्हणतो. आणि दिवा, शाई, बस मात्र लाल. या दोन्ही भाषांना तपकिरीकडे झुकणाऱ्या आणि भडक लालसाठी वेगळे शब्द हवेसे वाटले. स्कॉटलंडचा लोकनायक रॉब रॉय, त्याच्या नावातला "रॉय" हा तोच शब्द, लाल केसांचा रॉबर्ट. बंगालच्या रॉयशी त्याचा संबंध नाही.

आणि हा रुआ आपल्या रुधिर आणि रोहित यांचा सख्खा चुलतभाऊ. एकाच मूळ धातूचे. आयरिश नाव रुआरी म्हणजे रुआ अधिक री, लाल राजा. त्यातला री आपल्या राजाच्या गोतातला. म्हणजे ताई, तुमच्या शेजारी कोणी रोरी (रुआरीचंच इंग्रजी रूप) राहत असेल तर तो आपला रोहितराजे.

लिफीकाठची | मंगळवार, रात्री ९:५५

ज्याला आईने मेंदी लावलेला समजलं होतं त्या नातवाचं नाव रोरीच आहे!!! मी आत्ता किंचाळले.

गणितमास्तर | बुधवार, सकाळी ६:३०

एक राहिलं. हा बिघाड उत्तरेतच इतका का टिकला? फायदा होता की योगायोग?

जनुकवाला | बुधवार, दुपारी १२:४५

यावर अजून भांडणं चालू आहेत. एक बाजू म्हणते, ऊन कमी असलेल्या प्रदेशात फिकी कातडी ड जीवनसत्त्व चांगलं बनवते, म्हणून फायदा झाला. दुसरी बाजू मला जास्त पटते. २००० सालच्या एका अभ्यासात जगभरातल्या लोकांचं हे जनुक तुलनेला घेतलं. आफ्रिकेत प्रथिन बदलणारे फरक जवळपास सापडलेच नाहीत. तिथल्या उन्हात बिघाडाला माफी नाही. उत्तरेत फरकांची रेलचेल, पण त्यांना निवडून पुढे ढकलल्याची खूण त्या अभ्यासात दिसली नाही. म्हणजे बक्षीस कोणी दिलं नाही, शिक्षा मात्र थांबली. जकात नाका उठला की कसाही माल आत येतो, तसं.

ढगाळ आयर्लंडमधून हीच माणसं ऑस्ट्रेलियाला गेली की शिक्षा पुन्हा सुरू होते. या कातडीला ऊन लागून गडद होता येत नाही, ती भाजते. २०१६ च्या एका अभ्यासात मेलॅनोमाच्या, म्हणजे कातडीच्या वाईट कॅन्सरच्या, गाठी तपासल्या. एकच बिघडलेली प्रत असलेल्यांच्या गाठींतही जनुकीय बदल ४२ टक्के जास्त होते, जणू वयात एकवीस वर्षांची भर पडावी. एक प्रत, म्हणजे लाल डोकं नसलेलेसुद्धा. आजोबांना टोपी घालायला सांगा.

लिफीकाठची | शनिवार, संध्याकाळी ७:३०

आजोबा टोपी घालतात, पण चर्चमध्ये काढतात, असा निरोप आहे.

आज आजींना घेऊन शहरात गेले होते. ट्राममध्ये त्यांना सगळा धागा भाषांतर करून सांगितला. त्या म्हणाल्या, शाळेत त्यांना "फॉक्सी" म्हणायचे, कोल्हीण. आणि त्यांचे आजोबा पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीला जायचे. पहाटे होडीकडे जाताना लाल केसांची बाई आडवी आली की ते त्या दिवशी समुद्रात जातच नसत, घरी परत. मी म्हटलं, आमच्याकडे हे मांजराला सोसावं लागतं. "मी पाच वर्षांची होते," आजी म्हणाल्या, "पहाटे मला घराबाहेर पडू द्यायचे नाहीत. आजोबांना धंदा करायचा असायचा ना."

मग आम्ही दोघींनी मिळून डबा मोजला. मला लाल दिसले सहा. आजींच्या मते फक्त दोन. माझे बाकीचे चार त्यांनी एकेक करून बाद केले: ही "सोनेरीत तांबूस", ती "तपकिरी, उन्हात आहे म्हणून", तो रंगवलेला, आणि चौथीकडे बघून नुसतंच नाक मुरडलं. तेवढ्यात पुढच्या स्टॉपला एक जण चढला. डोक्यावर काळी टोपी, दाढी तांबडी. मी म्हटलं, हा अर्धा धरायचा का? आजी म्हणाल्या, त्याला आधी टोपी काढू दे.

त्याने काढली. टक्कल होतं.